बर्फात ठेवलेल्या नळ्या

वाशीमच्या एका लहानशा लॅबमध्ये मी एकोणीस वर्षांपासून रक्त तपासते. इतक्या वर्षांत माझ्या हातून चुका झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण बाकीच्या चुका झाल्या झाल्या कळल्या, लगेच सुधारताही आल्या. ही एक मात्र वर्षभर मला माझी हुशारी वाटत होती आणि मी ती चारचौघांत सांगतही होते.

आमच्याकडे बाहेरगावाहून सॅम्पल येतात. जऊळक्याची पिशवी सकाळच्या गाडीने येते. रक्त घेतल्यापासून तासा-दीड तासात ती माझ्या टेबलावर असते. अनसिंगचं तसं नाही. तिथे औषधाच्या दुकानाला लागून एक खोली आहे, एक खुर्ची, एक टेबल, एक पडदा. त्या खोलीत एक भाऊ रक्त घेतात. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे असतील. आधी एका डॉक्टरांकडे ते कंपाउंडर होते. त्यांचा हात इतका हलका की म्हातारी माणसं सुई टोचून झाल्यावर विचारतात, कधी टोचणार म्हणून. सकाळी सातपासून त्यांचं काम सुरू होतं. घेतलेल्या सगळ्या नळ्या डब्यात भरून ते दुपारी दोनच्या एसटीने पाठवत. त्या गाडीचे वाहक त्यांच्या ओळखीचे होते, डबा पायाशी ठेवून नीट आणत. तीन वाजता मी बसस्टँडवर जाऊन तो घेऊन यायची. सकाळचं रक्त मशीनमध्ये जाईपर्यंत दुपार टळलेली असे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अनसिंगचे एक निवृत्त गुरुजी लॅबमध्ये आले. त्यांना शुगर होती. आमच्या रिपोर्टात ती अगदी छान येत होती आणि घरच्या छोट्या यंत्रावर मात्र दीडशेच्या खाली उतरत नव्हती. त्यांनी महिनाभराचे आकडे वहीच्या कागदावर लिहून आणले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या हिशेबानं मी बरा झालो. पन माह्या बोटाले थे पटून नाई राह्यलं."

मी हसले, पण कागद ठेवून घेतला. कारण कुठे बिघडतंय ते मला ठाऊक होतं. रक्त नळीत गेलं म्हणजे ते मेलं असं नसतं. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतही साखर खात राहतात. खोली जितकी गरम, तितक्या वेगाने खातात. शुगरसाठी करड्या टोपणाची वेगळी नळी येते, तिच्यातली पावडर हे खाणं थांबवते. पण अनसिंगला त्या नळ्या बरेचदा संपलेल्या असत आणि मग एकाच साध्या नळीवर सगळं भागवलं जाई. वैशाखातल्या उन्हात सात तास पडलेल्या रक्तातून गुरुजींची खरी साखर मिळणार तरी कशी?

मी त्याच आठवड्यात अनसिंगला गेले. सोबत करड्या टोपणाच्या नळ्यांचं पाकीट नेलं आणि थर्माकोलची एक पेटीही नेली. भाऊंना म्हटलं, "आतापासून रक्त घेतलं की नळी सरळ बर्फात. कोणतीही नळी असो. एक मिनिटपण बाहेर ठेवायची नाही."

"बर्फ?" ते म्हणाले. "ठीक हाये. घरच्या फ्रिजमंधी लावतो."

त्यांनी खरंच लावला. रोज सकाळी घरून पिशव्यांत बर्फ घेऊन यायचे. नळ्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये दाबून बसवायचे. दुपारी मी पेटी उघडली की हाताला गार वाफ लागायची. गुरुजींची शुगर त्यांच्या वहीशी जुळू लागली. आमच्या लॅबचे साहेब, जे रिपोर्टवर शेवटची सही करतात, त्यांनीही माझी पाठ थोपटली. मी ओळखीच्या दुसऱ्या लॅबवाल्यांनाही सांगितलं की उन्हाळ्यात सगळं सॅम्पल बर्फात आणायला लावा. पावसाळा लागला आणि बर्फ बंद झाला. पुढच्या वर्षी फाल्गुनात ऊन चढलं तसा भाऊंनी मला न विचारता तो पुन्हा सुरू केला.

त्या वर्षी चैत्रात अनसिंगहून एका बाईचं रक्त येऊ लागलं. मी तिला पाहिलेलं नव्हतं. चिठ्ठीवर वय बासष्ट, स्त्री, आणि खाली वाशीमच्या एका हृदयरोगाच्या डॉक्टरांचं नाव. हृदय दुबळं होतं म्हणून तिला एक गोळी चालू होती. ही गोळी अंगात साचलेलं पाणी बाहेर काढते, पण तिच्यामुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून दर महिन्याला पोटॅशियम पाहायचं होतं. साधारण साडेतीन ते पाचपर्यंत ते ठीक असतं. फार वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावूही शकतो.

पहिल्यांदा ते पाच पूर्णांक सात आलं.

मी दोनदा तपासलं. मशीनला सकाळीच कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो तो नमुना, लावून पाहिलेला होता, तो बरोबर होता. मग नळीतलं सीरम, म्हणजे रक्ताच्या गाठीवर येतं ते पाणी, उजेडात धरून पाहिलं. रक्त ओढताना जोर लागला किंवा नळी फार हलवली तर लाल पेशी फुटतात. फुटल्या की त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. पण तेव्हा सीरम गुलाबी दिसतं. आमच्या धंद्यातला नवखा माणूसही हे पहिल्या महिन्यात शिकतो. या बाईचं सीरम स्वच्छ होतं, गवताच्या काडीसारखं पिवळं. मी रिपोर्ट पुढे पाठवला.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. जेवणातूनही पालक, टमाटे, केळी, नारळपाणी बंद केलं. महिन्याने पुन्हा रक्त आलं. गोळी बंद असूनही आकडा पाच पूर्णांक आठ. मी पुन्हा दोनदा तपासलं, पुन्हा सीरम उजेडात धरलं. डॉक्टरांनी पथ्य आणखी कडक केलं.

वैशाखाच्या शेवटी तिसऱ्यांदा तिचं रक्त आलं, पाच पूर्णांक नऊ. त्याच दिवशी संध्याकाळी तिला वाशीमला दवाखान्यात भरती करावं लागलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते आणि आडवं झालं की दम लागत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टरनी रक्त घेतलं. दवाखाना आमच्या लॅबपासून चार पावलांवर, त्यामुळे नळी दहा मिनिटांत माझ्याकडे आली. ते तिचंच रक्त आहे हे मला मशीनवर आकडा दिसल्यानंतर, चिठ्ठीवरचं नाव वाचताना कळलं. चार पूर्णांक चार.

अर्ध्या तासात डॉक्टरांचा फोन आला.

"काल पाच नऊ, आज चार चार," ते म्हणाले. "मी मध्ये पोटॅशियम उतरवायचं काहीच औषध दिलेलं नव्हतं. यातलं खरं कोणतं?"

"सर, आजचं खरं असेल. आमचं मशीन बरोबर आहे, रोज कंट्रोल लावते." मग मीच पुढे म्हणाले, "अनसिंगला रक्त घेताना काहीतरी चुकलं असेल."

"तिथे कोण घेतं?"

"एक कंपाउंडर आहेत."

फोन ठेवला. ज्या माणसाला मी इतकी वर्षं भाऊ म्हणत आले, त्याला मी त्या एका वाक्यात कंपाउंडर करून टाकलं होतं. मला ते त्याच वेळी जाणवलं आणि मी लगेच दुसऱ्या कामाला लागले.

पण काम होईना. त्या दुपारी मी फाल्गुनापासूनच्या नोंदी काढून बसले. ज्यांच्या ज्यांच्या पोटॅशियमची तपासणी झाली होती, त्यांची नावं गावांप्रमाणे वेगळी केली. वाशीमची नावं सगळ्या आकड्यांत विखुरलेली होती, कुणी तीन नऊ, कुणी चार सहा, एखादा पाच. जऊळक्याचीही तशीच. अनसिंगची मात्र जवळजवळ सगळी वरच्या टोकाला. पाच दोन, पाच चार, पाच, पाच तीन. एकेका रिपोर्टात हे डोळ्यावर येत नाही, थोडं जास्त आहे एवढंच वाटतं. एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं. आदल्या उन्हाळ्यात तिथून पोटॅशियमची तपासणी फारशी येतच नव्हती, त्यामुळे तेव्हा कळण्याचा प्रश्नच नव्हता.

एका माणसाची सुई चुकली असती तर काही आकडे वर गेले असते, काही नाही. इथे सगळे वर होते. म्हणजे सगळ्या नळ्यांचं काहीतरी सारखं होत होतं. जऊळक्याच्या आणि अनसिंगच्या नळ्यांमध्ये फरक दोनच होते, उशीर आणि बर्फ. उशिराचं मला समजत होतं. बर्फाकडे माझं मन वळायलाच तयार नव्हतं, कारण बर्फ माझा होता.

रविवारी लॅब बंद असते. मी सकाळी आठ वाजता एकटीच गेले. डाव्या दंडाला पट्टा बांधून उजव्या हाताने स्वतःचं रक्त घेतलं. आमच्यापैकी बऱ्याच जणांना हे जमतं, सराव नसला तरी. तीन नळ्या भरल्या. पहिली अर्धा तास गोठू दिली आणि सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून सीरम वेगळं करणाऱ्या मशीनमध्ये लावली. दुसरी पंख्याखाली टेबलावर तशीच ठेवली. तिसरी थर्माकोलच्या पेटीत, भाऊ ठेवतात तशी, बर्फाच्या पिशव्यांमध्ये दाबून.

पहिल्या नळीचं पोटॅशियम चार पूर्णांक दोन आलं. मग मी घरी गेले, भाकरी केल्या, कपडे धुतले, आणि तीन वाजता परत आले. टेबलावरची नळी फिरवून लावली. चार पूर्णांक तीन. बर्फातली लावली. पाच पूर्णांक दोन.

मी तिन्ही सीरम खिडकीशी धरून पाहिली. तिन्ही सारखीच स्वच्छ पिवळी. कोणती कुठली ते लेबल वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं.

मग मी कपाटातून डिप्लोमाचं जुनं पुस्तक काढलं. त्यात ती गोष्ट दिलेली होती, दोन ओळींत. लाल पेशी पोटॅशियम सतत आत ओढून धरते आणि त्यासाठी तिला जोर लावावा लागतो. गारठ्यात तो जोर मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाही, म्हणून सीरम लाल होत नाही. त्या दोन ओळींखाली मी विद्यार्थी असताना पेन्सिलीने रेघ मारलेली होती. परीक्षेत लिहिलंही असेल. साखर वाचवायला मी बर्फ आणला आणि त्या गडबडीत ही रेघ कुठे गेली कोण जाणे. शुगरपुरत्या करड्या नळ्या वेळेवर पाठवत राहिले असते तरी पुष्कळ झालं असतं. मी सगळ्याच नळ्या बर्फात घालायला लावल्या.

तरी हिशेब पुरा बसत नव्हता. माझं रक्त बर्फात एकाने वाढलं होतं. त्या बाईचं दीडने वाढलं होतं. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी अनसिंगला गेले.

भाऊंनी मला पाहून खुर्ची पुसली. "ताई, आज कशा काय? फोन तं करायचा."

"काही नाही, तुमचं काम पाहायला आले," मी म्हटलं आणि पडद्याच्या बाजूला बसले.

तीन-चार माणसांची रक्तं होईपर्यंत काहीच खटकलं नाही. मग एक बारीक हाताची म्हातारी आली. शीर दिसेना. भाऊंनी पट्टा आवळला आणि म्हणाले, "आजी, मूठ उघडा, मूठ बंद करा. करत राहा, करत राहा." म्हातारी इमानेइतबारे मूठ उघडझाप करत राहिली. दोनेक मिनिटं तरी गेली असतील. शीर वर आली आणि त्यांनी हलक्या हाताने रक्त घेतलं.

पट्टा आवळलेला असताना मूठ अशी चालवली की हाताच्या स्नायूंमधून पोटॅशियम त्या शिरेत उतरतं. हिशेबातलं उरलेलं अर्धं कुठून आलं ते मला सापडलं. हे मात्र मी भाऊंना सांगितलेलं नव्हतं. पण नका करू असंही कधी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत त्यांना रक्त घेताना पाहायला एकदाही बसले नव्हते.

गर्दी सरल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. रविवारच्या तीन नळ्या, बर्फ, मूठ. ती बाई दवाखान्यात आहे हेही सांगितलं. ते ऐकताना नळ्यांच्या स्टँडवर हात ठेवून उभे होते.

"पन ताई," ते म्हणाले, "तुमीच तं सांगतलं होतं. रक्त घेतलं का नळी बर्फात. एक मिनिट बाहेर नाई ठेवाची."

"हो. मीच सांगितलं होतं."

"मी रोज घरून बर्फ आनला. मायनं एक दिवस फ्रिजमंधी दुधासाठी जागा मांगतली तं मी नाई देल्ली."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. आणखी एक सांगायचं राहिलं होतं आणि ते सांगितल्याशिवाय तिथून उठणं मला शक्य नव्हतं.

"भाऊ, डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हणाले की अनसिंगला घेताना चुकलं असेल."

मग त्यांनी पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या बाहेर काढल्या आणि एक एक करून मोरीत ठेवल्या.

"मंग आता काय सांगान त्याइले?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते."

वाशीमला उतरले तशी मी आधी साहेबांकडे आणि मग तडक त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. बाहेर पेशंट बसलेले होते. सगळे होईपर्यंत थांबले. आत गेल्यावर उभ्यानेच सांगितलं, की बर्फात ठेवायला मीच लावलं होतं, कंपाउंडरांनी माझ्या सांगण्याप्रमाणेच केलं, आणि मूठ उघडझाप करणं मी कधी तपासायला गेले नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन महिने मी त्या बाईंची गोळी बंद ठेवली," ते म्हणाले. "पाणी भरलं ते त्यामुळेच." मग त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "गोळी आजपासून सुरू करतो. मलाही एकदा समोर बसवून रक्त घ्यायला लावायला हवं होतं. आकडा वाढत गेला आणि मी पथ्य वाढवत गेलो. त्यांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

"मी सांगते, सर."

बाईंना बुधवारी घरी सोडलं. शुक्रवारी मी अनसिंगला गेले. त्यांचा मळा गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहे, तेवढा मी चालणार होते. पण भाऊंनी मोटरसायकल काढली आणि म्हणाले, "बसा. मले बी यायचं हाये."

मळा लहानसा, दीड एकराचा. विहिरीच्या बाजूला पालकाचे, मेथीचे, सांबाराचे म्हणजे कोथिंबिरीचे वाफे, पलीकडे वांगी आणि टमाटे. निंबाखाली बाजेवर एक बाई उशीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब केलेले. मी ज्यांचं रक्त इतक्या वेळा हाताळलं त्या या. अंगाने बारीक, कपाळावर मोठं कुंकू. त्यांचे मालक खाली बसून पालकाच्या जुड्या बांधत होते. भाऊंना दोघं ओळखत होते. भाऊंनी मी कोण ते सांगितलं आणि मग बाजूला उभे राहिले, म्हणजे बोलायचं मला.

मी बाजेजवळ खाली बसले. "मावशी, तुमच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं नव्हतं. आम्ही नळी बर्फात ठेवली म्हणून ते वाढलेलं दिसलं. बर्फात ठेवायला मी सांगितलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून गोळी बंद केली आणि तुम्हाला त्रास झाला. हे सांगायला आले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे.

"म्हंजे मले थे झालंच नव्हतं?"

"नव्हतं."

"बर्फानं झालं थे?"

"बर्फानं, आणि मूठ फार उघडझाप केली त्यानं."

त्यांनी हाताची मूठ वळून पाहिली आणि सोडली. "घ्या," त्या म्हणाल्या, "आन मी समजत होती का मी पालक खाऊन खाऊन बिमार पडली."

मालकांनी जुडी बांधायची थांबवली नव्हती. मान खाली घालूनच ते बोलू लागले. "गोळी बंद झाली तशे हिचे पाय सुजले. मी पाहून राह्यलो होतो ना. दवाखान्यात म्हनलं, साहेब, गोळी बंद केल्यापासून हे झालं. तं म्हने रिपोर्ट पाहा. मी काय पाहू त्याच्यात?" त्यांनी जुडी टोपल्यात ठेवली आणि दुसरी घेतली. "दोन महिने हिनं वावरातली भाजी तोंडात नाई घेतली. बजारात नेली, खाल्ली नाई. मंग मी बी नाई खाल्ली. एकट्यासाठी कायले रांधाची?"

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली, पण असू द्या वगैरे काही ते म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मग भाऊ पुढे आले. "मूठ मी चालवाले लावली होती, काका. आता नाई लावनार." मालकांनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

निघताना बाईंनी विचारलं, "पुढच्या महिन्यात रक्त द्या लागन ना?"

"लागेल, मावशी."

"तं तुमी स्वतः या. इथंच बसून घ्या."

मी गेले. नंतरचे चार महिने मी स्वतः गेले. पट्टा सैल बांधून, हात गरम पाण्याच्या फडक्याने शेकून, मूठ सैल ठेवून रक्त घेतलं. त्यांच्या शिरा बारीक होत्या पण शेकल्यावर सापडत. घेतलेली नळी खिशात उभी ठेवून भाऊंच्या खोलीवर यायची, कारण तोवर तिथे आमचं जुनं सेंट्रीफ्यूज नेऊन बसवलं होतं. आता रक्त तिथेच गोठू देऊन तिथेच फिरवतात आणि पेशींवेगळं झालेलं सीरम वाशीमला येतं. सीरममध्ये साखर खायला पेशी नाहीत आणि पोटॅशियम झिरपायलाही नाहीत. त्यांचं पोटॅशियम गोळी चालू असताना चार सात आलं, मग चार सहा. आषाढात त्या पुन्हा बाजारात बसू लागल्या. पायांची सूज उतरली होती. मालकांनी मला घरी कधी चहा विचारला नाही, पण चौथ्या वेळी रक्त घेऊन झाल्यावर त्यांनीच माझी बॅग उचलून मोटरसायकलपर्यंत आणून दिली.

त्या मधल्या दिवसांत मी ज्या लॅबवाल्यांना बर्फ सुचवला होता त्यांना तो बंद करा म्हणून कळवलं, आणि यादीतल्या बाकी लोकांना फोन केले. फाल्गुनापासून अनसिंगहून पोटॅशियम तपासलेली सतरा माणसं होती. प्रत्येकाला तेच सांगितलं, की आमच्याकडून नमुना चुकीचा ठेवला गेला, पुन्हा तपासून देतो. कुणी बरं म्हटलं. एक जण म्हणाले, आता तुमच्याकडचं काहीच नको, आणि त्यांनी फोन ठेवला. ते आजही दुसरीकडे जातात. एका बाईने केळी सोडली होती, ती फोनवरच हसली. चौदा जण पुन्हा रक्त द्यायला आले. बारा जणांचं व्यवस्थित निघालं. दोघांचं खरोखरच वाढलेलं होतं. त्यातल्या एकाच्या मूत्रपिंडाचा आजार त्यामुळे लवकर कळला. पण हे मी स्वतःची समजूत घालायला सांगत नाही. नीट ठेवलेल्या नळीतही तो कळलाच असता, आणि आधी कळला असता.

गेल्या कार्तिकात भाऊंच्या भाचीचं लग्न होतं. दोन दिवस त्यांच्या खोलीत मी बसले. पहिल्या दिवशी सकाळीच वीज गेली. आठ नळ्या स्टँडमध्ये उभ्या, आणि सेंट्रीफ्यूज बंद. शेजारच्या औषधवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "येईन लाइट, तासाभरात येईन." भाऊ अशा वेळी काय करतात ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी त्यांना फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"भाऊ, लाइट गेली. तुम्ही काय करता?"

"काही नाई करत, ताई," ते म्हणाले. "सावलीत ठेवतो आन घड्याळ पाहतो. दीड तासाच्या आत आली तं ठीक, नाई तं त्या लोकाइले सांगतो उद्या या म्हनून. कोनी कोनी शिव्या देते."

खिडकीच्या आतल्या अंगाला सावली होती, तिथे मी स्टँड सरकवला. कागदावर प्रत्येक नळीची वेळ लिहिली. बाकावर एक आजोबा बसले होते, रक्त देऊन झालं तरी उठले नव्हते.

"आता कायची वाट पाहून राह्यल्या, बाई?" त्यांनी विचारलं.

"लाइटीची."

"मी बी," ते म्हणाले. "चक्कीत दळन टाकलं हाये."

आम्ही दोघं बसलो. रस्त्यावरून संत्र्यांचा ट्रॅक्टर गेला. सव्वा तासाने पंखा फिरायला लागला. आजोबा पिशवी घेऊन चक्कीकडे निघाले आणि मी नळ्या एकमेकींसमोर तोलून मशीनमध्ये बसवल्या.